तेगेनापट्टणचा कौल: शिवाजी महाराज, वलंदेज आणि कोरोमंडलचा गुलामबाजार

ऑगस्ट १६७७. जिंजीचा किल्ला ताब्यात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते, वेल्लोरला वेढा चालू होता आणि विजापूरचा सरदार शेरखान लोदी तिरुवाडीजवळ मार खाऊन पळाला होता. त्याच्या मुलखातली किनाऱ्यावरची बंदरे आता शिवाजी महाराजांकडे आली. त्यांतल्या तेगेनापट्टणला, म्हणजे कडलूरजवळच्या देवनामपट्टणमला, वलंदेजांची, म्हणजे डचांची, वखार होती. धनी बदलला की कौल, म्हणजे व्यापाराची लेखी परवानगी, नव्याने घ्यायचा, ही किनाऱ्यावरची जुनी रीत. वलंदेजही आले, कौल मागितला आणि महाराजांनी तो दिला. आज आपल्याला माहीत आहे तो त्याचा डच भाषेतला मजकूर. एरवी असल्या कौलात असायचा तसाच व्यापाराचा मामला त्यात आहे. एक कलम मात्र वेगळे आहे. त्याचा आशय असा: मुसलमानी अंमलात तुम्हाला इथे पुरुष आणि बायका गुलाम म्हणून विकत घ्यायची व बाहेर न्यायची मोकळीक होती, कोणी अडवत नव्हते. आता मी या मुलखाचा धनी आहे तोवर तुम्ही गुलाम विकत घ्यायचे नाहीत, न्यायचेही नाहीत. तरी कोणी त्यांना जहाजावर चढवू लागलाच, तर माझी माणसे सर्व प्रकारे आडवी येतील आणि त्या लोकांना परत तुमच्या घरातही आणू देणार नाहीत.

दर शिवजयंतीला हे कलम मोबाइलवरून फिरते, सोबत ‘जगातली पहिली गुलामगिरीबंदी’ असा मथळा. तो मथळा चुकीचा आहे. परदेशी व्यापाऱ्यांनी आपली माणसे विकत घेऊन नेऊ नयेत म्हणून जपानमध्ये हिदेयोशीने १५८७ मध्येच पोर्तुगीजांना दम भरला होता, आणि युरोपात रागुसाच्या छोट्या गणराज्याने १४१६ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला होता. पहिला नंबर कोणाचा हा वाद मला फारसा कामाचा वाटत नाही. पाहण्यासारखे आहे ते वेगळेच: कलम कोणत्या धंद्यावर पडले, त्याने त्या धंद्याचे नेमके काय अडले, आणि काय अडले नाही.

आधी गिऱ्हाइकाकडे बघू. वलंदेजांची कंपनी १६०२ मध्ये उभी राहिली. तिला मसाला पाहिजे होता. तो जावा, बांदा, मोलुक्का या बेटांवर मिळे आणि तिथले लोक त्याच्या बदल्यात चांदीपेक्षा हिंदुस्थानी कापड जास्त खुशीने घेत. म्हणून कोरोमंडल, म्हणजे आजच्या तमिळनाडू-आंध्रचा किनारा. पुलिकतला १६१३ मध्ये गेल्ड्रिया किल्ला बांधून कंपनी तिथे पाय रोवून बसली. कापडाच्या गासड्या ज्या जहाजांनी पूर्वेला जायच्या, त्याच जहाजांनी माणसेही जाऊ लागली. १६१९ मध्ये जिंकलेल्या जकार्त्याच्या जागी बटाव्हिया शहर उभे करायचे होते. १६२१ मध्ये बांदा बेटांवरचे मूळ रहिवासी मारून आणि हाकलून झाल्यावर जायफळाच्या बागा राबवायला हात नव्हते. पुढे पोर्तुगीजांकडून सिलोनचा किनारा घेतला, १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना, तेव्हा तिथली ओस पडलेली भातशेती पुन्हा लावायला आणि तटबंदीची माती उचलायला माणसे पाहिजे होती. शतकाच्या अखेरीस कोलंबोतली निम्म्याहून जास्त वस्ती गुलामांची होती. बटाव्हियातही प्रमाण साधारण निम्म्यावर होते. गुलाम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अटलांटिक, ऊस आणि आफ्रिकेचा किनारा येतो. तमिळ, बंगाली, मलबारी माणसे लोखंडी बेड्यांत बंगालच्या उपसागरावरून गेली, हे आपल्या शालेय पुस्तकात मला तरी कधी भेटले नाही.

आता मालाकडे. हा शब्द लिहिताना हात अडखळतो, पण कंपनीच्या हिशेबात तो तसाच होता.

कोरोमंडलवर गुलाम कायम एकाच गतीने मिळत नसत. चांगल्या पावसाच्या वर्षी वखारीच्या दारात फारसे कोणी येत नसे. मागणी मात्र बारमाही होती, त्यामुळे कंपनीचे लोक वाईट वर्षाची वाट पाहत. पाऊस गेला, त्यातच फौज मुलखावरून फिरली, की महिन्याभरात गावे किनाऱ्याकडे सरकू लागत. आधी भांडीकुंडी विकली जात, मग गुरे, मग मुले. आईबाप पोराला दलालाच्या हाती देत, कारण निदान तो जेवायला घालेल. मोठी माणसे स्वतःलाच विकत. दलाल त्यांना वखारीत आणी, तिथे खरेदीचा कागद होई, स्थानिक अंमलदाराला त्याचा हक्क मिळे आणि जहाज येईपर्यंत माणसे वखारीच्या आवारात कोंडून राहत. हे जंगलात जाळे लावून माणसे पकडणे नव्हते. बहुतेक व्यवहार कागदोपत्री, साक्षीनिशी, आणि म्हणूनच कंपनीला त्यात गैर काही दिसत नव्हते.

आकडे या लयीतच चालतात. १६२२-२३ मध्ये हजारावर माणसे गेली. १६४६ मध्ये दक्षिण कोरोमंडलवरून २,११८. नायकांची बंडे आणि विजापुरी फौजांनी उजाड केलेला तंजावरचा मुलूख ही त्यामागची कारणे. १६५९ ते १६६१ या काळात तंजावरवर पुन्हा विजापुरी स्वाऱ्या झाल्या, दुष्काळ पडला आणि कंपनीने नागपट्टण, पुलिकत व इतर ठिकाणांहून आठ ते दहा हजार माणसे विकत घेतली. बहुतेक सगळी सिलोनला गेली, थोडी बटाव्हिया आणि मलाक्काला. १६७३ ते १६७७ या दुष्काळात एकट्या मदुरेच्या किनाऱ्यावरून १,८३९. कौलाचे साल यात बसते, हे ध्यानात ठेवावे. महाराजांची फौज कर्नाटकात उतरली तेव्हा हा बाजार तेजीत होता.

आकड्यांतून चेहरा दिसत नाही, म्हणून एक बाई. जन्म १६३१ च्या सुमाराचा, गाव पुलिकत. डच कागदांत तिचे नाव कात्रिन, ‘पुलिकतची कात्रिन’. आईबापांनी ठेवलेले नाव त्या कागदांत नाही. बटाव्हियात ती गुलाम होती. १६५६ मध्ये तिच्या हातून तिच्या मित्राचा, मलबारहून आणलेल्या दुसऱ्या एका गुलामाचा, मृत्यू झाला. तो अंगावर आला तेव्हा मी स्वतःला वाचवायला दगड फेकला, असे तिचे म्हणणे. कोर्टाने फाशी सुनावली, मग ती कमी करून आफ्रिकेच्या टोकाला, केपला, जन्माची हद्दपारी दिली. १६५७ मध्ये ती तिथे उतरली. वसाहत होऊन पाचच वर्षे झाली होती. तिथे ती कमांडरच्या घरचे कपडे धूत असे. पुढे माफी मिळाली, लग्न झाले. कंपनीच्या एका शिपायापासून तिला झालेला मुलगा दक्षिण आफ्रिकेतल्या स्नायमन घराण्याचा मूळपुरुष मानला जातो. केपच्या कागदांत अशा नावांची रांगच्या रांग लागते: अमका बंगालचा, तमकी मलबारची, कोणी ‘किनाऱ्याचा’. हा ‘किनारा’ म्हणजे आपला कोरोमंडल. आडनावाच्या जागी माणसाचा जिल्हा उरला होता, तोही विकत घेणाऱ्याने लिहिलेला.

तर १६७७ च्या कौलातले कलम या धंद्यावर पडले. ते पुन्हा बारकाईने वाचले तर लिहिणाऱ्याला वखारीचे आतले कामकाज ठाऊक होते असे दिसते. नुसते ‘गुलाम नेऊ नका’ म्हटले असते तर वलंदेजांनी माणसे विकत घेऊन आवारात ठेवली असती आणि जहाज दुसऱ्या बंदरावर लावले असते. म्हणून खरेदीही बंद. खरेदी चोरून झालीच तर पकडायची जागा कुठली? जहाजावर चढवताना, कारण तेगेनापट्टणसारख्या उघड्या किनाऱ्यावर मोठे जहाज लांब समुद्रात नांगर टाकते आणि माणसांना होडीतून न्यावे लागते. ते सगळ्यांसमोर होते. आणि पकडल्यावर काय? ‘बरे, राहू द्या, परत आत नेतो’ ही पळवाट उरते. ती शेवटच्या वाक्याने बुजवली: परत तुमच्या घरातही आणू देणार नाही. म्हणजे एकदा किनाऱ्यावर आलेला माणूस वलंदेजांच्या ताब्यातून सुटलाच. मला या कलमातले सर्वांत पक्के वाक्य हेच वाटते. नैतिक उपदेश त्यात अवाक्षरही नाही. हुशार अंमलदार लिहितो तसा हा मजकूर आहे.

कारण काय असावे? मजकुरात कारण दिलेले नाही. दया, धर्म, प्रजेबद्दलची माया, जे जे आपण आज त्यात वाचतो ते खोटे असेल असे नाही. पण मला एक जवळचा पुरावा जास्त बोलका वाटतो. त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर १६७६ मध्ये, महाराजांनी प्रभावळीच्या सुभेदाराला, रामाजी अनंताला, लिहिलेले पत्र आहे. ज्या कुणब्याकडे बैल नाहीत त्याला बैल घ्यायला पैसा द्या, पोटाला दाणे नाहीत त्याला दाणे द्या, त्यावर वाढीदिढी, म्हणजे व्याज, घेऊ नका, मुद्दल त्याला झेपेल तसे हळूहळू उगवा, गावोगाव फिरून पडीत जमीन लागवडीला आणा. हा राजा वसूल कुठून येतो ते जाणतो. जमीन पडून राहिली तर सरकारला दमडी मिळत नाही, आणि जमीन कसायला माणूस लागतो. दुष्काळात दलालाच्या हाती गेलेला कुणबी पाऊस आल्यावर गावी परत येऊ शकतो. कोलंबोला गेलेला येत नाही. जिंजीचा मुलूख नुकताच हाती आला होता, तो टिकवायचा तर वसवायला हवा होता. मायेचा राजा आणि हिशेबाचा राजा असे दोन वेगळे माणूस कल्पायची इथे गरज नाही.

एक गोष्ट मात्र आपण सहसा सांगत नाही. त्या किनाऱ्यावर ज्या फौजांमुळे माणसे बाजारात आली, त्यांत मराठे होते.

शहाजीराजे १६३८ पासून विजापूरचे सरदार म्हणून कर्नाटकात होते. १६४८ मध्ये त्यांना कैद झाली तीही जिंजीच्याच वेढ्यात. जानेवारी १६६४ मध्ये होदेगिरीला मृत्यू येईपर्यंत ते विजापूरचेच होते. म्हणजे १६४६ चे आणि १६५९-६१ चे गुलाम ज्या सत्तेच्या स्वाऱ्यांमुळे किनाऱ्याला लागले, तिच्या चाकरीत महाराजांचे वडील होते. पुढे मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने १६७३ मध्ये तंजावर घेतले आणि ते सोडवायला विजापूरने पाठवलेले व्यंकोजीराजे, महाराजांचे सावत्र भाऊ, तिथेच राजे झाले. मदुरे आणि मराठे यांच्यातली ती ओढाताण १६७३-७७ च्या दुष्काळाच्या जोडीला होती. व्यंकोजीराजांनी नागपट्टणच्या वलंदेजांशी १६७६ मध्ये स्वतंत्रपणे जमवून घेतले होते. आणि जिंजीत महाराजांनी बसवलेल्या अंमलाबद्दलही पाँडिचेरीचा फ्रेंच अधिकारी फ्रांस्वा मार्तँ काही कौतुक करत नाही. मराठी कारभाऱ्यांची वसुली कडक आहे, रयत पिळली जाते, असेच तो लिहितो. मार्तँला मराठ्यांची भीती होती, त्यामुळे त्याचे सगळे तोंडावर घ्यायचे कारण नाही, पण सगळे झटकूनही टाकता येत नाही.

बाप विजापूरच्या फौजेत, धाकटा भाऊ नागपट्टणच्या शेजारी वलंदेजांशी करार करून बसलेला, आणि थोरला भाऊ सत्तरेक मैल वर किनाऱ्यावर त्याच वलंदेजांना ‘एकही माणूस नेऊ देणार नाही’ म्हणून बजावणारा. या प्रकरणातली खरी गुंतागुंत मला इथे दिसते. महाराजांचे कलम वेगळे उठून दिसते ते याच पार्श्वभूमीवर, आणि त्याची मर्यादाही इथेच कळते.

मर्यादा कलमातच लिहिलेली आहे: मी या मुलखाचा धनी आहे तोवर. कौल म्हणजे कायदा नव्हे, धन्याचा शब्द. धनी असेपर्यंत आणि धन्याच्या हद्दीपुरता तो चालतो. तेगेनापट्टण बंद झाले तरी वलंदेजांकडे नागपट्टण होते, पुलिकत होते, मदुरेच्या बाजूला तुतिकोरिन होते. किनारा लांब आणि धनी अनेक. एका बंदराने दार लावले तर दलाल माणसांना घेऊन काही दिवस चालत दुसऱ्या बंदराला जाई. एप्रिल १६८० मध्ये महाराज गेले.

त्यानंतरचे आकडे पाहिले की बाजाराला झळ लागली असे दिसत नाही. गोवळकोंडा १६८७ मध्ये मोगलांनी घेतला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मद्रासच्या इंग्रजांनी ६६५ माणसे बाहेर पाठवली. पुढच्या वर्षी मोगलांचा दाब आला तेव्हा मद्रासच्या कौन्सिलने गुलाम बाहेर नेण्यावर बंदी घातली, म्हणजे आलमगिराच्या, औरंगजेबाच्या, अंमलानेही या बाबतीत जवळपास तेच केले जे महाराजांनी केले होते. हे वाक्य आपल्याकडे कोणाला रुचणार नाही, पण नोंद तशी आहे. बंदी मद्रासला होती. १६८८ मध्ये तंजावरचे हजारो लोक, त्यांत मुली आणि लहान मुलगे जास्त, नागपट्टणवरून आशियाई व्यापाऱ्यांच्या जहाजांनी सुमात्रातल्या अचिनला आणि मलायातल्या जोहोरला गेले. या वेळी गिऱ्हाईक गोरे नव्हते. १६७७ चे कलम वलंदेजांना उद्देशून होते. चुलिया, म्हणजे तमिळ मुसलमान, किंवा मलय व्यापाऱ्यांचे नाव त्यात येत नाही.

आणि मग जिंजीचा वेढा. राजाराम महाराज तिथे पोहोचले, मोगल सेनापती झुल्फिकारखान मागोमाग आला आणि आठ वर्षे तो सगळा मुलूख दोन्ही फौजांनी तुडवला. पैशाची चणचण इतकी की १६९० मध्ये तेगेनापट्टणचा किल्ला इंग्रजांना विकला गेला. सौद्यात अशी अट होती की किल्ल्यावरून तोफ डागायची आणि गोळा जिथवर जाईल तिथवरची गावे इंग्रजांची. त्याच किल्ल्याचे नाव पुढे सेंट डेव्हिड पडले. ज्या बंदरासाठी कौल लिहिला होता, ते बंदर कौलानंतर तेरा वर्षांनी मराठ्यांचे उरले नाही. वेढा चालू असताना, १६९४ ते १६९६ या तीन वर्षांत, कोरोमंडलवरून सिलोनला खाजगी व्यापाऱ्यांनी नेलेल्या गुलामांची संख्या ३,८५९. दुष्काळ, फौजा, भुकेली गावे, किनारा: जुनीच गणिते, फक्त फौजांची नावे बदललेली.

मग कलम वाया गेले का? माझे मत तसे नाही. सतराव्या शतकातल्या त्या किनाऱ्यावर नायक, विजापूरकर, गोवळकोंडेकर, यांतल्या अनेकांनी गुलामांच्या निर्यातीवर हक्काची रक्कम घेतली आणि मान फिरवली. एका धन्याने ती रक्कम नको म्हटले, आणि अडवायचे कसे तेही कागदावर लिहून दिले. लष्करी मोहिमेच्या ऐन धामधुमीत, कंपनीशी संबंध जुळवायची गरज असताना. हेही काही कमी नाही. पण ते बाहेरच्या गिऱ्हाइकावरचे बंधन होते. माणूस बाजारात कसा येतो, या प्रश्नाला ते हात घालत नव्हते, आणि घरातल्या गुलामगिरीला तर नाहीच.

घरातली, म्हणजे आपल्या घरातली. पेशवे दप्तर उघडले की कुणबिणी आणि बटकी पानापानावर भेटतात. त्या विकत घेतल्या जात, आंदण दिल्या जात, लढाईत हाती लागत. बदकर्माच्या आरोपावरून एखाद्या बाईला सरकारजमा करून कुणबीण केल्याच्या नोंदी आहेत. किल्ल्यांवर त्यांच्याकडे दळणकांडण, शेणगोठा, चुना मळणे अशी कामे असत. म्हातारी झाली, आता काम होत नाही, म्हणून सोडून द्यावी असे अर्ज येत, तेव्हा तिच्या बदली दुसरी द्यायला लावत किंवा पैसे घेत. या बायका कोरोमंडलच्या गुलामांसारख्या जहाजाने गेल्या नाहीत, कुठल्या बागेत राबल्या नाहीत, म्हणून त्यांना गुलाम म्हणायला आपण कचरतो. त्यांची विक्री होत होती आणि त्यांना मालक सोडता येत नव्हता. याहून वेगळी व्याख्या मला माहीत नाही.

शिवकालातल्या दक्षिणेतही गुलाम अपरिचित नव्हता. हबसाणातून, म्हणजे इथिओपियातून, आणून बगदादमार्गे विकत विकत अहमदनगरला पोहोचलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, शहाजीराजे त्याच्याच काळात निजामशाहीत वाढले. जंजिऱ्याच्या सिद्दीशी तर महाराज जन्मभर झगडले. गुलाम सरदार होऊ शकतो, ही दक्षिणेची एक बाजू. कुणबीण मरेपर्यंत कुणबीणच राहते, ही दुसरी.

कंपनी सरकारने १८४३ च्या पाचव्या कायद्याने कोर्टात गुलामीचा हक्क मानायचे थांबवले. गुलाम बाळगणे त्याने गुन्हा झाले नाही. माणूस गुलाम म्हणून विकत घेणे-विकणे गुन्हा ठरले ते १८६० च्या दंडसंहितेत. कोलंबोच्या डच कागदांतली ‘किनाऱ्याची’ माणसे तोवर सिलोनी झाली होती.